डाव्या हातातल्या बांगड्या

माय,

धुळ्याच्या त्या भाड्याच्या घरातलं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. एकच खिडकी, तीही सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनाच्या बाजूला, त्यामुळे हंगामात कापसाचे तंतू उडत आत यायचे आणि तू पिठाच्या परातीवर फडकं टाकून ठेवायचीस. त्या दिवशी तू ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होतीस. थोरली अक्का पाणी भरत होती, मी शाळेच्या घाईत होते. थापता थापता तुझा डावा हात परातीच्या काठावरून घसरला आणि मांडीवर पडला. तू तो उजव्या हाताने उचलून पुन्हा परातीत ठेवलास. तो पुन्हा पडला. मग तू माझ्याकडे बघितलंस. घाबरलेली दिसत नव्हतीस, नुसती गोंधळलेली. "पोरी, देख ना, हाऊ हात मन्हा शे का?" हा हात माझाच आहे का, असं तू विचारलंस आणि मी हसले. मला वाटलं, तू गंमत करतेस. उठायला गेलीस तेव्हा डावा पाय दुमडला आणि तू चुलीच्या बाजूला कलंडलीस. तेव्हा माझं हसू थांबलं.

अर्धं अंग गेलं, असं वैद्यांनी सांगितलं. आबा जिनातली कारकुनी सांभाळून सकाळ-संध्याकाळ तुझ्या हातापायाला तेल चोळायचे. त्यांना मी कधी कुणाचे पाय चेपताना पाहिलं नव्हतं, पण तुझे चेपायचे, दार लोटून घेऊन. थंडी सुरू व्हायच्या आत तुझ्या हातापायांत बळ आलं. पाय जरा ओढत चालायचीस, पण चालायचीस. हाताची मूठ वळायची, कळशी उचलायची. फक्त बघितल्याशिवाय तो हात कुठे आहे ते तुला कळत नसे. अंधारात "मन्हा हात कोठे शे?" असं विचारायचीस आणि आम्ही तो तुझ्या उजव्या हातात आणून द्यायचो. आत्याने गावच्या देवीला नारळ वाढवला. घर पूर्वीसारखं झालं असं सगळ्यांनी धरलं.

मग तो हात जागा व्हायला लागला. मी तुझी वेणी घालत होते. तू ओसरीवर उन्हात बसली होतीस आणि तुझा पदर डाव्या खांद्यावरून जरा सरकला, एवढंच. तू अशी ओरडलीस की शेजारची मारवाडीण हातातलं सूप घेऊन धावत आली. कढत पाणी सांडलं असं तिला वाटलं. कुठे काय सांडलं म्हणून तिने विचारलं, तर सांडलेलं काहीच नव्हतं. तू पदर खांद्यावरून दूर धरून बसली होतीस आणि तुझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवसापासून डाव्या अंगाला काही लागलं की आग. लुगड्याचा काठ लागला तरी आग, वाऱ्याची झुळूक आली तरी आग, माशी बसली तरी आग. चोळीची डावी बाही तू उसवून टाकलीस. डोक्यावरचा पदर डावीकडे कानाला घासतो म्हणून पदर घेणं सोडलंस. आणि एक दिवस डाव्या हातातल्या बांगड्या काढून देवळीत ठेवल्यास.

पदराचं लोक बोलले असते आणि विसरले असते. बांगड्यांचं तसं नव्हतं. नवरा धडधाकट आणि बाईचा एक हात मोकळा, हे आमच्या आळीत कुणी पाहिलेलं नव्हतं. आत्या तेव्हा आमच्याकडेच राहायची. तिचे दोन्ही हात तिच्या विसाव्या वर्षापासून मोकळे होते. तिने देवळीतल्या बांगड्या बघितल्या आणि म्हणाली, "ज्यांच्या नशिबातून गेल्या त्या रडतात, आणि ज्यांच्या हातात आहेत त्या काढून ठेवतात." तू म्हणालीस, "वन्स, मी खोटं नही सांगस. बांगडी हालनी की हात जळस." आत्याने तोंड फिरवलं. तिचा राग मला आता कळतो. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं की माझ्या मैत्रिणींना आता घरी बोलावता येणार नाही.

माय, तुझ्या सांगण्यातला कुठलाच भाग दुसऱ्या भागाशी जुळत नव्हता, आणि तेच तुला भोवलं. आग होते म्हणायचीस आणि थंड पाण्याला घाबरायचीस. पांझरा नदीवरून आणलेल्या पाण्याचे चार थेंब डाव्या पायावर उडाले की कळवळायचीस, आणि चैत्रातल्या उन्हात, जिथे कुत्रंही सावली शोधतं, तिथे ओसरीवर निवांत बसायचीस. "अंगाची आग होते तर उन्हात का बसते ही?" असं काकू सगळ्यांसमोर विचारायची. तू एकदा मला म्हणालीस, "आंगठा नि व्हट, दोन्ही संगेच जळतस." अंगठा आणि ओठ. डाव्या हाताचा अंगठा आणि तोंडाचा डावा कोपरा. मी ते अक्काला सांगितलं आणि आम्ही दोघी फिदीफिदी हसलो. कुठे अंगठा आणि कुठे ओठ. पुढे कितीतरी दिवस घरात कुणी काही विचित्र बोललं की अक्का मला खुणावायची, अंगठा ओठावर टेकवून. एकदा तू ते पाहिलंस. त्यानंतर तू आम्हाला काय कुठे दुखतं ते सांगायचं बंद केलंस.

आबा तुला एका डॉक्टरकडे घेऊन गेले. मला बरोबर नेलं, कारण बायकोचं दुखणं परक्या माणसासमोर स्वतःच्या तोंडाने सांगायचं त्यांना जमत नव्हतं, आणि तुझी बोली डॉक्टरांना कळेल अशी खात्री नव्हती. डॉक्टर इंग्रजी शिकलेले, पुण्याकडचे. त्यांनी विचारलं, कसं वाटतं. तू म्हणालीस, "जशी मिरचीनी फक्की लायेल शे. कातडीखाले. वरथून कोनी फुंकर मारस तशी." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा इंग्रजी चौथीत होते, वर्गात पहिली यायचे. त्या स्वच्छ खोलीत, त्या खुर्चीच्या समोर, तुझं ते शे आणि वरथून ऐकून माझे कान तापले होते. मला ते लवकर संपवायचं होतं. मी म्हटलं, "तिला जरा झोंबतं, म्हणते." कातडीखाली मिरचीची पूड आणि वरून फुंकर, ही तुझी सगळी आग मी त्या एका शब्दात बसवली. तू माझ्याकडे बघितलंस. तुला शाळेतलं मराठी बोलता येत नसलं तरी कळत सगळं होतं.

डॉक्टरांनी तुला डोळे मिटायला सांगितले आणि डाव्या तळव्यावर सुई टोचली. "काही कळलं?" तू म्हणालीस, नाही. पुन्हा टोचली, जरा जोरात. नाही. मग त्यांनी कापसाची वात घेऊन त्याच जागेवरून हलकेच फिरवली, आणि तू स्टुलावरून खाली पडलीस. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनीच तुला उठवून बसवलं. पण आबांना बाजूला घेऊन ते जे म्हणाले ते मी ऐकलं. "सुई लागत नाही आणि कापूस लागतो. हा मनाचा आजार आहे. बायकांना होतो. फार लक्ष देऊ नका, आपोआप जाईल." जिनात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या बायकोला कापूस लागतो, हे आबांच्या मनाला फार लागलं असावं. परतीच्या वाटेवर ते टांग्यात पुढे बसले आणि एकदाही मागे वळले नाहीत. डॉक्टरांचा सल्ला मात्र आमच्या घराने पाळला. तुझ्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे सगळ्यांना जमलं. तुझं अंथरूण मागच्या खोलीत गेलं. कुणी आलं की आत्या ते दार ओढून घ्यायची.

अक्काचं लग्न दोंडाईच्याला ठरलं. वराकडची मंडळी आगगाडीने नरडाण्यापर्यंत येणार, तिथून बैलगाड्यांनी धुळ्याला. घर मोठं, माणसं देवाधर्माची, आणि सासू सगळं निरखून बघणारी अशी ख्याती. आबांनी आणि आत्याने बसून ठरवलं की कन्यादानाला काका-काकू बसतील. वधूची आई आजारी आहे, उठवत नाही, असं सांगायचं. हे बोलणं ओसरीवर चाललं होतं आणि मागच्या खोलीचं दार त्या दिवशी उघडं होतं. मी पाणी घेऊन आत आले तर तू भिंतीला टेकून बसली होतीस. तू मला विचारलंस, कासार कधी येणार आहे. मी म्हटलं, उद्या. तू म्हणालीस, बरं.

दुसऱ्या दिवशी कासार ओसरीवर बसला. अक्काचा हिरवा चुडा भरून झाला, माझ्या बांगड्या झाल्या, काकूच्या झाल्या. आणि तू बाहेर आलीस. डोक्यावर पदर होता. चोळी दोन्ही बाह्यांची होती, कधी शिवून घेतलीस कोण जाणे. तू कासारासमोर मांडी घालून बसलीस, आधी डावा हात पुढे केलास आणि म्हणालीस, "भर, बा. दोन्ही हात भर." कासाराला आमच्या घरातलं काही माहीत नव्हतं. त्याने तुझा हात धरला, अंगठा तळव्यात दाबून पंजा चिंचोळा केला, सगळे दाबतात तसा, आणि बांगडी चढवायला लागला. "हात सैल सोडा, बाई," तो म्हणाला. तू सैल सोडलास. मी समोर उभी होते. तू माझ्याकडे बघून विचारलंस, वांगी चिरून झाली का. मी म्हटलं, होताहेत. तू विचारलंस, भरताला वेगळी काढली का. तुझा आवाज साधा होता. कपाळावरून घाम कानापर्यंत आला होता, पण दिवस उन्हाळ्याचे होते, घाम सगळ्यांनाच होता. कासार बांगड्या चढवत राहिला आणि तू मला वांग्यांचं, मिरच्यांचं, दाण्याच्या तेलाचं विचारत राहिलीस.

कन्यादानाला तूच बसलीस. आबांच्या शेजारी, पदर डोक्यावर, पदराचं टोक डाव्या हाताने धरलेलं. दोंडाईच्याच्या विहीणबाईंनी तुझी ओटी भरली, तुझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवून कौतुकाने म्हणाल्या, "विहीणबाई आजारी आहेत, असं ऐकलं होतं. आमच्यापेक्षा तर ताठ आहेत." सगळे हसले. तूही हसलीस. पंगतीत तू वाढलंस. अक्का निघताना तुझ्या गळ्यात पडली तेव्हा तिचं डोकं तुझ्या डाव्या बाजूला होतं. ती रडत होती, तिची मुंडावळ्यांची माळ तुझ्या मानेवर घासत होती, आणि तू तिची पाठ थोपटत उभी होतीस. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला. माझी आई चार बायकांसारखी दिसत होती.

आणि तो दिवस तुझ्यावरच उलटला, माय. गाड्या गेल्या, मांडव उतरवायला माणसं आली, आणि आत्या परातीतल्या अक्षता झाडता झाडता म्हणाली, "पाहिलंत? मनात आणलं की सगळं जमतं." काकूने मान हलवली. आबांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं, की एवढे महिने आपण फसलो, असं त्यांना वाटत होतं. इतके दिवस घरात थोडी तरी शंका होती, खरंच काही असेल, अशी. तू लग्न निभावून नेलंस आणि ती शंका संपली.

मी मागच्या खोलीत आले. तू जमिनीवर बसली होतीस, डावा हात अंगापासून लांब, हवेत धरलेला, जसा दुसऱ्या कुणाचा असावा. बांगड्या थरथरत होत्या आणि किणकिणत होत्या. तू म्हणालीस, "बेटा, ह्या बांगड्या वाढाई दे. आते नही सहन व्हस." मी दारात उभी राहिले. मी दमलेली होते, अक्का गेल्याचं रडू येत होतं, हे सगळं खरं आहे आणि त्याने काही फरक पडत नाही. मी म्हटलं, "काल दिवसभर होत्या ना? आज सकाळपासून होत्या ना? मग आत्ताच काय झालं?" तू हात मागे घेतलास. माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंस तिच्यात राग नव्हता. वाट बघून थकलेलं माणूस दार लावून घेतं, तसं काहीतरी होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला बसले.

थोड्या वेळाने आत्याची हाक आली. तू त्या बांगड्या स्वतःच पाट्याच्या कडेवर आपटून काढल्या होत्यास. मनगटावर दोन-तीन ठिकाणी काच रुतली होती, रक्त कोपरापर्यंत आलं होतं, आणि तुला त्याचा पत्ताच नव्हता. तू डोळे मिटून भिंतीला टेकली होतीस आणि चेहरा निवला होता. आत्या म्हणाली, "बघा. रक्ताची धार लागली तरी हूं नाही, आणि बांगडीने म्हणे जळतं." मी ओलं फडकं आणलं. काच काढताना मी मुद्दाम जरा जोरात दाबलं, तू हलतेस का ते बघायला. तू हलली नाहीस. मग फडक्याचं टोक तुझ्या तळव्याला निसटतं लागलं आणि तू ओरडलीस. इथे काहीतरी आहे, हे मला त्या क्षणी दिसलं होतं, माय. खोटं बोलणारं माणूस असं खोटं बोलत नाही. पण ते खरं मानलं असतं तर मागच्या सगळ्या दिवसांचं काय करायचं, हा प्रश्न होता. मी फडकं पिळलं आणि उठले.

त्यानंतर तू दोन पावसाळे काढलेस आणि तिसऱ्याच्या शेवटी हिवतापाने गेलीस. न्हाऊ घालताना काकूने कळशीतलं थंड पाणी तुझ्या डाव्या खांद्यावर ओतलं आणि माझा हात आपोआप पुढे झाला, तिला थांबवायला. तू हलली नाहीस. मग सवाष्ण गेली म्हणून हिरव्या बांगड्या आणल्या. काकूने त्या तुझ्या डाव्या हातात चढवल्या, अगदी सहज. आत्या कोपऱ्यात बसून बघत होती. तिला रडू फुटलं आणि ती म्हणाली, "अहेव गेली. भाग्याची." आबांनी ते ऐकलं आणि बाहेर निघून गेले.

मामा मला पुण्याला घेऊन गेले आणि त्यांनी मला शिकवलं. पुढे मुंबईला डॉक्टरीला गेले. एका दुपारी वर्गात मेंदूवरचं व्याख्यान होतं. सरांनी फळ्यावर मेंदूचा छेद काढला आणि मध्यभागी, खोल आत, दोन बाजूंना कबुतराच्या अंड्यांसारखे दोन गोळे काढले. याला थॅलॅमस म्हणतात. हाताचा, पायाचा, चेहऱ्याचा स्पर्श पाठीच्या कण्यातून आणि मेंदूच्या देठातून बाजू बदलून इथे येतो, डाव्या अंगाचा उजव्या गोळ्यात, उजव्याचा डाव्यात, आणि इथून पुढे जातो. इथे प्रत्येक अवयवाची जागा ठरलेली असते. चेहऱ्याची आतल्या बाजूला, तिला लागून हाताची, पायाची त्याच्याही पलीकडे. सर म्हणाले, हात आणि तोंड अंगावर एकमेकांपासून लांब असतात, पण इथे शेजारी राहतात. मी लिहीत होते आणि माझी लेखणी थांबली. अंगठा आणि ओठ.

सर बोलत राहिले. इथली एखादी बारीक रक्तवाहिनी बंद पडली की अर्धं अंग बधिर होतं. हाताचं बळ परत येतं, पण काही महिन्यांनी त्याच अंगात आग सुरू होते. सुई कळत नाही आणि कापसाचा स्पर्श सोसत नाही. गार पाण्याने, वाऱ्याने वाढतं. मन हललं, आनंदाने किंवा दुःखाने, तरी वाढतं. हाताला काहीही झालेलं नसतं, हात चांगला असतो. त्या हाताचा निरोप जिथे वाचला जातो ती जागा बिघडलेली असते. हे फ्रान्सातल्या डॉक्टरांनी माझ्या जन्माच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं.

मला तेव्हा काय वाटलं ते तुला सांगायला हवं. मला आनंद झाला. अवघड गणित सुटावं तसा. तू सांगितलेली एकेक गोष्ट त्या आकृतीत जाऊन बसत होती, ऊन, थंड पाणी, बाही, सुई, रक्त, सगळं, आणि मी ताठ बसून भराभर लिहीत होते. व्याख्यान संपल्यावर मी सरांना दोन प्रश्नही विचारले, आणि त्यांनी विचारलं की हे इतकं बारीक तुला कसं सुचलं. मी सांगितलं नाही की घरी पाहिलं आहे. हुशार मुलीसारखी हसले. खाणावळीत जाऊन पोटभर जेवले. रडू दुसऱ्या दिवशी आलं, अंघोळीचं पाणी अंगावर घेताना, आणि तेव्हाही आधी मनात आलं ते हेच, की आता घरी जाऊन आबांना सांगायचं.

सुट्टीत धुळ्याला गेले. आबा थकले होते, जिनातलं काम सुटलं होतं. ओसरीवर बसवून मी त्यांना सगळं समजावलं. जिनाच्या भाषेत सांगितलं, की सगळ्या गावांचा कापूस एका जागी येतो, तिथे वजन होतं, आणि तो काटाच बिघडला तर मूठभर कापूस खंडीभर दिसतो. ते मन लावून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे ती खरं सांगत होती."

"हो."

"आणि लग्नाच्या दिवशी?"

"तेव्हाही होतच होतं. उलट त्या दिवशी जास्तच झालं असेल."

आबांनी अंगणाकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "यावर औषध होतं का?"

"नव्हतं. आजही फारसं नाही."

त्यांनी सुस्कारा सोडला. त्यांचं ओझं उतरलं असं मला वाटलं. पण थोड्या वेळाने ते म्हणाले, "औषध नव्हतं ते ठीक. पण तिचं अंथरूण मागे कशाला नेलं आपण?" ते पुन्हा म्हणाले, "आणि आता हे मला कशाला सांगितलंस, पोरी? मी आता काय करू याचं?" मी ते त्यांच्यासाठी सांगितलं नव्हतं. जे कळलं होतं त्याच्यापाशी मी एकटी बसले होते, मला सोबत हवी होती. त्यानंतर आबा जितकी वर्षं होते, तितकी वर्षं त्यांनी स्वतःचं अंथरूण मागच्या खोलीत घातलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, इकडे गारवा असतो. तिथे गारवा कधीच नव्हता.

अक्काला मी सांगितलेलं नाही. तिची मुलं मोठी झाली, ती अजून सगळ्यांना सांगते, "माझ्या लग्नात आमची माय अगदी बरी झाली होती." ती हे सांगताना तिचा चेहरा उजळतो. मी समोर बसून मान हलवते.

आता मी जळगावला असते. स्वतःचा दवाखाना आहे, बायकांची गर्दी असते. लोक म्हणतात, बाई ऐकून घेतात. तुझ्या बोलीत कुणी सांगितलं तर मी तुझ्याच बोलीत विचारते, आणि ती कोणता शब्द वापरते तोच कागदावर लिहून घेते, दुसरा बसवत नाही. हे मी चांगलं करते, असं मला वाटत होतं.

गेल्या आठवड्यात अमळनेरकडच्या एका खेड्यातली म्हातारी आली. मुलाने गाडीत घालून आणली होती. वर्षापूर्वी उजवं अंग गेलं होतं, परत आलं होतं, आणि आता ती अंगावर पांघरूण घेऊ देत नाही, सुनेला जवळ येऊ देत नाही, अशी तक्रार. मुलगा वैतागलेला होता. मी कापसाची वात घेतली आणि तिच्या उजव्या तळव्यावरून फिरवली. ती किंचाळली आणि तिने माझा हात झटकला. मग मी मुलाला बाहेर नेलं आणि समजावून सांगितलं, की तुझी आई खोटं बोलत नाही. तिच्या मेंदूत एक जागा दुखावली आहे. तिला मऊ जुनं लुगडं दे, गार वाऱ्यात ठेवू नको, आणि ती सांगेल ते खरं धर. तो माझ्यासमोर रडला. माझ्या पाया पडायला वाकला. बाहेर बसलेल्या बायकांनी ते बघितलं आणि त्यांच्या नजरेत माझ्याबद्दल जे होतं ते मला दिसलं.

पण ती म्हातारी किंचाळली, त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते त्यांना कुणालाच माहीत नाही. मनात आलं, किती करते ही. डोळ्याचं पातं लवायच्या आत ते गेलं आणि शिकलेलं सगळं वर आलं, थॅलॅमस, रक्तवाहिनी, तू. पण आधी ते आलं. आणि ही पहिली वेळ नव्हती, माय. दर वेळी आधी तेच येतं.

हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. तू नाहीस, म्हणून लिहिता आलं. तू असतीस, त्या ओसरीवर उन्हात, तर मी तुला सगळं सांगितलं असतं, मेंदूचं, गोळ्यांचं, तुझं कसं खरं होतं ते. एवढं मात्र सांगितलं नसतं.